जॉब स्वतः तपासता येणं : प्रशिक्षणात हे कधी आणि कसं शिकवावं?

गुण्या
फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सीएनसी ऑपरेटर, कुठल्याही ट्रेडचं प्रशिक्षण संपवून मुलं-मुली पहिल्या नोकरीच्या ट्रेड टेस्टला उभी राहतात तेव्हा हात सहसा कमी पडत नाही. कानस चालते, वेल्डचा बीड सरळ जातो, वायरिंग ड्रॉइंगप्रमाणे होतं. अडतं ते शेवटच्या प्रश्नावर: "झाला का जॉब बरोबर?" त्यावर उत्तराऐवजी जॉबच पुढे केला जातो. वर्कशॉपात जॉब करायचा शिकाऊने आणि मोजायचा निदेशकाने, ही वाटणी पहिल्या आठवड्यातच पडते आणि शेवटपर्यंत मोडत नाही.

कारखान्यात प्रत्येक तुकड्यामागे कोणी उभं नसतं. आपला तुकडा पुढे द्यायचा की बाजूला काढायचा हे ज्याला ठरवता येतं तोच कामावर ठेवण्याजोगा, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सुचवतो: पहिल्या जॉबपासून शिकाऊने जॉबसोबत एक चिठ्ठी द्यावी. ड्रॉइंगमधलं माप, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), आपण घेतलेलं माप, ते कुठल्या साधनाने घेतलं, आणि स्वतःचा निर्णय: पास, दुरुस्त होईल, की भंगार. निदेशकाने चिठ्ठी न बघता मोजावं आणि मग दोन्ही शेजारी ठेवावं. निम्मे गुण जॉबला, निम्मे चिठ्ठी किती खरी निघाली त्याला.

आपापल्या ट्रेडमध्ये काय तपासावं लागतं, कुठे चुकतं, आणि हे कितव्या महिन्यात सुरू करावं, यावर लिहा. शक्यतो आकड्यांसकट.

कानसकाम
विचार पटला, पण पहिल्या जॉबपासून नको. पहिले तीन-चार आठवडे उभं राहण्यात आणि हात बसण्यातच जातात. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. तो उंच असेल तर खांद्यातून जोर लागतो, खाली असेल तर कंबर वाकते आणि कानस डोलते. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, परतताना नाही. पुढे जाताना टोकाकडच्या हाताचा दाब कमी करत न्यायचा आणि मुठीकडचा वाढवत. हे जमलं नाही की पट्टी मधे फुगते आणि कडांना उतरते. अशा पट्टीवर व्हर्नियर लावून माप लिहायला लावलं तर मुलं मधलं माप लिहितात. चिठ्ठी खरी ठरते आणि पट्टी मात्र चुकीचीच राहते.

या टप्प्यावर मापापेक्षा सपाटी आणि काटकोन बघायला शिकवा. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावण्याआधी बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार किनार, काढायची. न काढलेल्या बरीवर गुण्या उचलला जातो आणि चांगला जॉबही वाकडा दिसतो. मग उजेडाकडे तोंड करून गुण्याची धार पट्टीवर टेकवायची, घासत न्यायची नाही, उचलून पुढे ठेवायची. फट मधे दिसली तर खड्डा, कडांना दिसली तर फुगवटा. एकदा उभी, एकदा आडवी, दोनदा तिरकी अशी चार दिशांनी. तिरकं बघितल्याशिवाय पीळ कळत नाही.

सुरी
@कानसकाम, उंचवटा नेमका कुठे आहे हे दाखवायला सरफेस प्लेटवर (अगदी सपाट केलेल्या पाटावर) निळ्या रंगाचा अगदी पातळ थर देऊन जॉब हलकेच फिरवणं सर्वांत सोपं. जिथे रंग लागतो तिथे घासायचं. थर जाड झाला की सगळीकडेच लागतो आणि फसवतो, हे आधीच सांगून ठेवावं.

आर्क३१५
मूळ मताशी मी असहमत आहे, निदान वेल्डिंगपुरता. फिटरचा तुकडा मोजून पुन्हा घासता येतो. वेल्डमध्ये रूट (सांध्याचा तळ) बसला नाही हे नंतर कळून काय उपयोग? तो कापून काढावा लागतो. आमच्याकडे तपासणी वेल्ड चालू असतानाच होते, आणि त्याआधी फिटअपमध्ये, म्हणजे तुकडे जुळवून बसवताना.

१० मिमी प्लेटचा व्ही बट (कडा तिरक्या कापून समोरासमोर जोडायचा सांधा) घ्या. दोन्ही बाजू मिळून कोन ६०°, रूट फेस (तळाशी तिरकी न कापलेली कड) दीड मिमीच्या आसपास, रूट गॅप साधारण ३ मिमी. गॅप एका टोकाला २ आणि दुसऱ्या टोकाला ४ असेल तर कुणाचाही हात तो सांभाळू शकत नाही. शिवाय वेल्ड आकसताना गॅप आवळत जातो, म्हणून शेवटच्या टोकाला किंचित जास्त ठेवून टॅक करायचं (छोट्या टाक्यांनी धरायचं). हे सगळं आर्क पेटवण्याआधी मोजता येतं, आणि हेच कोणी मोजत नाही.

चालू वेल्डमध्ये आर्कच्या लखलखाटाकडे बघायचं नाही, त्यामागच्या वितळलेल्या धातूच्या डबक्याकडे बघायचं. आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी, म्हणजे ३.१५ च्या रॉडला साधारण ३ मिमी. लांबली की आवाज बदलतो, शिंतोडे वाढतात. रूट रनमध्ये (तळाच्या पहिल्या थरात) डबक्याच्या पुढे किल्लीच्या भोकासारखं छिद्र दिसत राहिलं पाहिजे. ते बुजलं तर पेनिट्रेशन (वेल्ड तळापर्यंत शिरणं) गेलं, मोठं झालं तर धातू खाली गळणार.

ठिणगी
आर्क३१५ यांनी फिटअपचं लिहिलंय, मी दोष आणि त्यांची कारणं लिहितो. मुलांना नावं पाठ असतात, कारण विचारलं की सगळं खापर करंटवर फुटतं.

अंडरकट (वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडणारी खाच): करंट जास्त, आर्क लांब, किंवा वीव्हिंग करताना (रॉड आडवा डुलवत नेताना) कडांना थांबलंच नाही. मधून भर्रकन जायचं आणि दोन्ही कडांना क्षणभर थांबायचं, हा ताल बसला की निम्मे अंडरकट जातात. स्लॅग (वेल्डवरची कीट) अडकणं: आधीचा रन नीट साफ केला नाही, किंवा तो मधे इतका फुगीर आला की दोन्ही बाजूंना खोल खाचा राहिल्या. अशा वेळी नुसत्या हातोडीने भागत नाही, खाच ग्राइंडरने उघडावी लागते. पोरॉसिटी (वेल्डमधली वायूची भोकं): ओला रॉड, प्लेटवर तेल किंवा रंग, लांब आर्क, किंवा गॅस वेल्डिंगमध्ये वाऱ्याने गॅस उडून जाणं.

लो हायड्रोजन रॉडबद्दल, उदा. ई७०१८: उघड्यावर राहिलेला रॉड ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजून मग गरम पेटीत ठेवतात. नेमका आकडा पुड्यावर छापलेला असतो, तोच पाळावा. कोरडा दिसणारा रॉड कोरडा असतोच असं नाही, आणि त्यातल्या ओलाव्याचा हायड्रोजन वेल्डशेजारच्या कडक झालेल्या धातूत तडे पाडतो. हे तडे वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनीही येऊ शकतात.

गुण्या
@आर्क३१५, मान्य. 'जॉब झाल्यावर तपासणी' एवढंच डोक्यात ठेवून लिहिलं होतं. तर वेल्डिंगच्या चिठ्ठीत फिटअपची मापं आधी लिहून घ्यावीत आणि त्यावर निदेशकाची सही झाल्याशिवाय आर्क पेटवू नये, असं करता येईल का?

आर्क३१५
येईल. चार ओळी पुरतात: कोन, रूट फेस, गॅप दोन्ही टोकांना, आणि दोन प्लेट एका पातळीत आहेत का. सही निदेशकाची नको, शेजारच्या शिकाऊची घ्या. दुसऱ्याचं काम तपासताना नजर जास्त तयार होते.

आणखी एक. आयएसओ ९६०६-१ (वेल्डरच्या पात्रतेचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे वेल्डरची चाचणी होते तेव्हा तुकडा आधी नजरेने तपासतात आणि त्यानंतरच बेंड, फ्रॅक्चर किंवा रेडिओग्राफी. नजरेत बाद झालेला तुकडा पुढे जातच नाही. नजरेने बघायच्या गोष्टी शिकाऊला स्वतः बघता येतात: अंडरकट, बीडची उंची, शेवटचा खड्डा भरला का, उलट बाजूला रूट सलग आलाय का. त्यामुळे तुमच्या चिठ्ठीला माझा विरोध नाही, फक्त निम्मे गुण तिला देऊ नका.

मेगर
इलेक्ट्रिकलमध्ये तपासणीचा क्रम चुकला तर गुण नाही, जीव जातो. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनच.

सप्लाय बंद, कुलूप, फलक, आणि मग टेस्टर. टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून चालतोय हे बघायचं, मग काम करायच्या जागी सगळ्या जोड्यांत लावायचा (फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ), आणि पुन्हा चालू सप्लायवर. तिसरी पायरी हमखास गाळली जाते. मधेच टेस्टरचा सेल किंवा लीड गेली असेल तर 'सप्लाय नाही' हे वाचन खोटं असतं, आणि ते कळायला तिसऱ्या पायरीवाचून मार्ग नाही.

इन्सुलेशन टेस्ट (तारांच्या आवरणातून वीज गळते का ते बघणं): २३०/४०० व्होल्टच्या वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी, किमान १ मेगाओम. नवं वायरिंग असेल तर वाचन याच्या कितीतरी वर असायला हवं. नेमकं १.२ आलं आणि 'पास' लिहिलं तर तो शिकाऊ अजून तयार नाही, त्याने सर्किट एकेक सोडवून कुठे गळतंय ते शोधायला हवं. टेस्टआधी डिमर, एलईडी ड्रायव्हर, सर्ज प्रोटेक्टर असलं इलेक्ट्रॉनिक सगळं सोडवायचं, नाहीतर ते तरी जळतं किंवा वाचन तरी चुकतं.

मोटरच्या जोडणीत नेमप्लेट न वाचणं हा सर्वांत मोठा दोष. स्टार-डेल्टा स्टार्टरवर (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती; सुरुवात स्टारमध्ये, मग डेल्टा) चालवायची मोटर लाइन व्होल्टेजला डेल्टामध्ये चालणारी हवी. ज्या नेमप्लेटवर २३० डेल्टा/४०० स्टार लिहिलंय ती मोटर ४०० व्होल्टच्या सप्लायवर डेल्टात गेली की वाइंडिंग जळतं. आणि स्टारमध्ये लाइन करंट एक तृतीयांश होतो तसा टॉर्कही एक तृतीयांश होतो, म्हणून भरलेल्या लोडवर ती उठत नाही. 'स्टार्टर खराब आहे' असं म्हणून कॉन्टॅक्टर बदलत बसण्याआधी हे बघावं.

नवी_शिकाऊ
मेगर सर, एक शंका. मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला सोल्डर लावून मग स्क्रूखाली घट्ट करणं योग्य का? तारा पसरत नाहीत म्हणून बरं वाटतं.

मेगर
@नवी_शिकाऊ, स्क्रू टर्मिनलमध्ये नको. सोल्डर मऊ असतं, सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं. काही महिन्यांनी तोच स्क्रू ढिला होतो, रेझिस्टन्स वाढतो आणि टर्मिनल तापतं. योग्य मापाचा फेरुल (तारांच्या टोकावर बसवायची धातूची छोटी नळी) घाला आणि फेरुलच्याच क्रिंपरने दाबा, पक्कडीने नाही. मग वायर ओढून बघा. स्क्रू किती टॉर्कने आवळायचा हे ब्रेकरच्या अंगावर किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं.

नवी_शिकाऊ
समजलं, आभारी आहे. वाचनखूण साठवली.

सिंगलब्लॉक
सीएनसीत चूक एका ब्लॉकमध्ये (प्रोग्रामच्या एका ओळीत) होते आणि स्पिंडल ठोकला जातो, तेव्हा आमच्याकडेही तपासणी आधीच.

काही कंट्रोलवर दशांश चिन्ह विसरलं तर एक्स१० म्हणजे १० मिमी नसून १० मायक्रॉन धरले जातात. जी४३ (टूलची लांबी लागू करायचा कोड) किंवा त्यातला एच नंबर चुकला तर दुसऱ्याच टूलची लांबी लागू होते. जी५४ मध्ये घेतलेला झीरो आणि प्रोग्रामने जी५५ बोलावलेला (दोन्ही जॉबचा झीरो कुठे धरायचा ते सांगणारे कोड), हा प्रकारही नेहमीचा. तिन्ही चुका स्क्रीनवर दिसतात, पण बघणाऱ्याला कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

म्हणून पहिला तुकडा सिंगल ब्लॉकवर, रॅपिड ओव्हरराइड (टूल भरभर सरकवण्याच्या वेगाचं नियंत्रण) अगदी खाली, आणि टूल जॉबच्या वर आल्यावर थांबून 'डिस्टन्स टू गो' वाचायचं. स्क्रीन म्हणते अजून ८० मिमी खाली जायचंय आणि डोळ्यांना अंतर ५० दिसतंय, तर बटण सोडायचं. हे वाचन शिकाऊकडून मोठ्याने म्हणवून घ्यावं.

बाकसबेंच
'जॉब करायचा शिकाऊने, मोजायचा निदेशकाने' ही वाटणी कुठून आली, त्याचं एक मूळ मला जुन्या पद्धतीत दिसतं. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-वोस यांनी १८६८ पासून प्रत्येक ट्रेडची छोट्या छोट्या सरावांत फोड केली: आधी सोपा, मग अवघड, आणि शिकण्याचं वर्कशॉप उत्पादनाच्या वर्कशॉपपासून वेगळं. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते सराव मांडले गेले. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल आणि सेंट लुईसचे कॅल्विन वुडवर्ड यांनी ती पद्धत अमेरिकेत उचलली. एकाच वेळी अनेकांना ठरावीक वेळात शिकवता येतं हा तिचा फार मोठा गुण. पण तुकडा कुठल्याच मशीनमध्ये बसवायचा नसेल तर तो चुकल्याचा त्रास कुणालाच होत नाही, फक्त गुण जातात. आजचे बरेच अभ्यासक्रम अजून याच साच्यातले आहेत.

यावर उपाय सोपा आहे. सरावाचे तुकडे शेवटी एकमेकांत बसतील असे ठेवा. एकाने खाच करायची, दुसऱ्याने जीभ. बसलं नाही की दोघंही आपापलं माप काढून भांडतील, आणि खरं मोजमाप त्या भांडणातच शिकतील.

कानसकाम
+१. आणि जोडी शेवटच्या दिवशीच जाहीर करावी, म्हणजे दोघं आधीच एकमेकांना घासून जुळवणार नाहीत. ड्रॉइंगलाच बसावं लागेल.

पाच_मायक्रॉन
सगळं बरोबर, पण साधनं? वीस जणांत दोन मायक्रोमीटर असतील तर चिठ्ठ्या रांगेतच राहतील.

सुरी
@पाच_मायक्रॉन, सगळ्याच मापांना मायक्रोमीटर लागत नाही. भोकासाठी गो/नो-गो प्लग पुरतो (एक टोक लहानात लहान चालणाऱ्या मापाचं, दुसरं मोठ्यात मोठ्या). २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१. गो आत गेला आणि नो-गो अडला की झालं, वाचन चुकायचा प्रश्नच नाही. चौकटींना व्हर्नियर. मायक्रोमीटर फक्त बेअरिंग बसायच्या शाफ्टसारख्या ठिकाणी.

जो मायक्रोमीटर आहे तो मात्र नीट वापरायला शिकवा. जबडे कागदाने पुसून झीरो बघायचा, रॅचेटनेच आवळायचं, आणि लेथवरून उतरवलेला गरम शाफ्ट लगेच मोजायचा नाही. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. पोलाद १०० मिमीला दर अंशामागे साधारण १.१ ते १.२ मायक्रॉन वाढतं. जॉब ३० अंशांनी गरम असेल तर १०० मिमी व्यासावर ०.०३ मिमीहून जास्त फरक पडतो. गरमागरम मोजून मापात बसवलेला शाफ्ट जेवणाच्या सुट्टीनंतर ढिला निघतो, त्याचं हेच कारण.

टाइमस्टडी
तपासणीत एवढा वेळ घातला तर कामाचा वेग कधी येणार? कारखान्याला दिवसाचे तुकडे हवे असतात.

कानसकाम
@टाइमस्टडी, वेग हात घाईने हलवून येत नाही. ड्रिलिंगच बघा. बहुतेक शिकाऊ आधीच्याने लावून ठेवलेल्या आरपीएमवरच (मिनिटाला फेरे) भोक पाडतात. माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलसाठी कटिंग स्पीड २५ मीटर प्रति मिनिट धरा. आरपीएम = १००० × २५ ÷ (३.१४ × व्यास). म्हणजे १० मिमीला सुमारे ८००, ३ मिमीला सुमारे २६५०, २० मिमीला सुमारे ४००. ३ चं ड्रिल ४०० वर चालवलं तर कापण्याऐवजी रेटलं जातं आणि मोडतं. २० चं ड्रिल २६५० वर गेलं तर कडा निळ्या पडून जळतात. मोडलेलं ड्रिल काढण्यात गेलेला वेळ मोजा, मग हिशोब कळेल.

हॅकसॉचंही तेच. पातळ नळी इंचाला १८ दाती ब्लेडने कापायला घेतात आणि दात तुटतात. किमान दोन-तीन दात एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत. पातळ नळीला ३२ दाती घ्या.

चार_पायऱ्या
निदेशकांच्या बाजूने एक मुद्दा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालला. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, आणि नंतर लक्ष ठेवणं. खरी ताकद तिसऱ्या पायरीत आहे. शिकाऊने काम करता करता प्रत्येक पायरीतली कळीची गोष्ट आणि तिचं कारण स्वतः बोलून दाखवायचं.

एम८ चा (८ मिमी बोल्टचा) आटा टॅपने पाडण्याचं उदाहरण. "भोक ६.८, कारण ८ मधून पिच १.२५ वजा केली. भोकाचं तोंड आधी काउंटरसिंक, नाहीतर पहिला आटा उचकटतो. पहिला टॅप दोन फेरे गेल्यावर गुण्या दोन दिशांनी, कारण पुढे तो सरळ करता येत नाही. अर्धा-पाऊण फेरा पुढे, पाव-अर्धा मागे, चीप तुटावी म्हणून. आंधळ्या भोकात मधूनमधून चीप बाहेर काढायची, नाहीतर टॅप तळाला अडून तुटतो." एवढं ज्याला बोलता येतं त्याला चिठ्ठी वेगळी शिकवावी लागत नाही.

आणि गुण्या यांनी विचारलेल्या 'कितव्या महिन्यात'चं उत्तरही यातच आहे असं मला वाटतं. बोलणं पहिल्या दिवसापासून, नजरेची तपासणी पहिल्या महिन्यात, आकड्यांची चिठ्ठी हात बसल्यावर.

बाकसबेंच
जर्मनीच्या दुहेरी पद्धतीतही हेच आहे. शिकाऊ आठवड्यातले काही दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत. अभ्यासक्रम ट्रेडप्रमाणे साधारण २ ते साडेतीन वर्षांचा. १९६९ च्या कायद्याने ही चौकट देशभर एक झाली. तिथे कामाचे सहा टप्पे शिकवतात: माहिती घेणं, आखणं, ठरवणं, करणं, तपासणं, मूल्यमापन. सहापैकी 'करणं' हा एकच टप्पा आहे, हे बघा. शिवाय शिकाऊने प्रशिक्षणाची नोंदवही ठेवायची असते आणि ती नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. चिठ्ठीचीच थोरली बहीण म्हणा.

गुण्या
बरंच मिळालं. गुणांच्या वाटणीबद्दल आर्क३१५ यांचं म्हणणं घेतो: निम्मे नको, तीस टक्के. पण एक अट ठेवीन. जॉब चुकलेला असेल आणि चिठ्ठीत 'चुकला, अमुक माप ०.१५ ने कमी' असं खरं लिहिलं असेल तर तीसच्या तीस द्यावेत. नाहीतर मुलं मापं ड्रॉइंगमधूनच उतरवतील.

आता शेवटची विचारणा, जे सध्या ट्रेड टेस्टची तयारी करताहेत त्यांच्यासाठी. पहिल्या दहा मिनिटांत काय करावं?

चार_पायऱ्या
ड्रॉइंगवरचा टायटल ब्लॉक वाचावा. धातू कुठला, स्केल, प्रोजेक्शन (दृश्यं मांडायची पद्धत) फर्स्ट अँगल की थर्ड, आणि सर्वसाधारण टॉलरन्स. तिथे 'आयएसओ २७६८-एम' असेल तर ज्या मापांपुढे काही लिहिलेलं नाही त्यांना ६ ते ३० मिमीपर्यंत ±०.२ आणि ३० ते १२० मिमीपर्यंत ±०.३ सूट असते. बरीच मुलं ८० ±०.३ चं माप ०.०२ मध्ये आणायला पाऊण तास घालवतात आणि ज्या भोकाला एच७ लिहिलंय ते घाईत उरकतात. घट्ट टॉलरन्स असलेल्या मापांभोवती पेन्सिलने गोल करा आणि वेळ त्यांना द्या.

सिंगलब्लॉक
आणि दिलेल्या साधनांचा झीरो तपासा. चुकलेला असेल तर तसं आधीच सांगा. परीक्षक ते टिपून ठेवतात.

ठिणगी
वेल्डर असाल तर भंगाराच्या तुकड्यावर मशीनचा करंट आधी बघा. डायलवरचा आकडा आणि प्रत्यक्ष करंट दर मशीनला जुळेलच असं नाही, लांब केबलनेही फरक पडतो.

नवी_शिकाऊ
वेल्डरच्या प्रमाणपत्राबद्दल विचारते. एकदा मिळालं की कायमचं असतं का? वर्गातल्या बऱ्याच जणींना तसं वाटतं.

आर्क३१५
नाही. आयएसओ ९६०६-१ मध्ये वेल्डर त्या कक्षेत काम करतोय किंवा करतेय याची खातरजमा दर ६ महिन्यांनी सहीनिशी नोंदवावी लागते. एएसएमई सेक्शन ९ (अमेरिकन बॉयलर कोडचा वेल्डिंगचा भाग) मध्येही ती प्रोसेस ६ महिने किंवा जास्त काळ वापरलीच नाही तर पात्रता संपते. म्हणून नोकरी लागल्यापासून स्वतःची वही ठेवा: तारीख, प्रोसेस, पोझिशन (सपाट, उभी, डोक्यावरची), जाडी, रॉड, आणि सुपरवायझरची सही. नोकरी बदलताना ही वही सोबत न्या, नव्या ठिकाणी पुन्हा चाचणी द्यावी लागली तरी कुठल्या पोझिशनची द्यायची हे त्यावरून ठरवता येतं.